ड्रायरला थंडी वाजते तेव्हा...

पावसाळा आला की मुंबईकरांचे दोन गट पडतात. ज्यांच्या घरात दोऱ्या आहेत ते, आणि ज्यांच्या घरात ड्रायर आहे ते. पहिला गट दुसऱ्याकडे 'काय बाई श्रीमंती!' अशा नजरेने बघतो. दुसऱ्या गटाला मात्र पहिल्याकडे बघायला वेळ नसतो, कारण तो बहुतेक वेळा ड्रायरच्या डिस्प्लेकडे बघत बसलेला असतो.

मी दुसऱ्या गटातली. हौस म्हणून नाही हो. सोसायटीचा नियम आहे, दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत. घरात दोघं नोकरीवाले, म्हणजे आठवड्याला दहा फॉर्मल शर्ट. आणि जुलै महिन्यात पंख्याखाली अर्धवट वाळलेला शर्ट घालून सकाळच्या लोकलमध्ये शिरणं म्हणजे काय, ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा!

तर आधी एक खुलासा. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमध्ये बाजूला जो टब गरगर फिरून कपडे पिळून काढतो, त्यालाही आपण 'ड्रायर'च म्हणतो. मी त्याच्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतेय टम्बल ड्रायरबद्दल. म्हणजे दोनेक हजार वॅटचा हीटर, गरम हवा, गोल फिरणारा ड्रम आणि खिडकीतून बाहेर सोडलेला जाडजूड पाइप. हेअर ड्रायरचा मोठा भाऊच म्हणा ना.

या मोठ्या भावाने गेल्या पावसाळ्यात नाटकं सुरू केली. आधी कपडे नेहमीपेक्षा जास्त गरम निघायला लागले. इतके की नवऱ्याच्या टी-शर्टवरचं प्रिंट आतल्या आत चिकटलं. मग एके दिवशी पंधरा मिनिटांत मशीन बंद, डिस्प्लेवर 'ई' आणि पुढे एक आकडा. मॅन्युअल उघडलं तर त्या कोडसमोर तीन शब्द: टेंपरेचर सेन्सर फॉल्ट. आणि त्यापुढे ते अजरामर वाक्य, 'कृपया सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.'

साधला. तिसऱ्या दिवशी एक तरुण आला. दारातच पहिला प्रश्न, "साहेब नाहीत का घरी?" म्हटलं साहेब ऑफिसात आहेत, ड्रायर इथे आहे, तुम्हाला कोणाला भेटायचंय? बिचारा हसला. मशीन चालू करून कोड बघितला, मोबाइलवर फोटो काढला आणि निकाल दिला.

"मॅडम, सेन्सरचा कोड आहे. पण नुसता सेन्सर बदलून उपयोग नाही, बोर्डच गेलंय. पूर्ण पीसीबी बदलायला लागेल. साडेआठ हजार. सेन्सरचे बाराशे वेगळे."

"मीटर लावून बघितलंत?"

"मीटर कशाला? कोड दाखवतोय ना."

बास. इथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातातल्या यादीत त्या दिवशीचे अकरा कॉल होते आणि प्रत्येकाला मोजून वीस मिनिटं. वीस मिनिटांत दोष शोधता येत नाही, पार्ट बदलता येतो. पण साडेआठ अधिक बारा म्हणजे जवळपास दहा हजार रुपये, आणि तेही कोणी काहीही मोजलेलं नसताना? सॉरी बॉस. मी त्याला व्हिजिट चार्ज दिला, एस्टिमेट लिहून घेतलं आणि चहा पाजून वाटेला लावलं.

आता थोडा फंडा क्लिअर करू या. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सएवढंसुद्धा नाहीये.

ड्रायरमधला हा टेंपरेचर सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. वाटाण्याएवढा जीव, दोन वायरी. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, कमी होतो. तारेचं नेमकं उलट असतं, तार तापली की विरोध वाढतो. काही पदार्थ असे उलट वागतात हे मायकेल फॅरेडेच्या १८३३ मध्येच लक्षात आलं होतं, सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की पुढे हेच तत्त्व आपल्या पॅंटी वाळवायला लागणार!

सगळ्यात कॉमन जातीचा थर्मिस्टर २५ डिग्रीला १० हजार ओहम दाखवतो. (पाच, बारा, वीस हजारवालेही असतात, तेव्हा आपल्या मशीनचा आकडा आधी शोधायचा.) या दहा हजारवाल्याचं गणित साधारण असं: ३० डिग्रीला तो आठ हजारांवर येतो, ६० डिग्रीला जेमतेम अडीच हजारांवर. बोर्ड या आकड्यावरून ठरवतं की हवा किती तापली आणि हीटर कधी बंद करायचा.

आता खरी गंमत ऐका. बोर्डला तापमान कळतच नाही. त्याला कळतो फक्त दोन वायरींच्या टोकाला असलेला रेझिस्टन्स. मधली वायर तुटली तर रेझिस्टन्स अफाट वाढतो आणि बोर्डला वाटतं, बाप रे, केवढी ही थंडी! उणे चाळीस! मुंबईत, जुलै महिन्यात! मग ते 'हे शक्य नाही' म्हणून कोड टाकतं आणि हात वर करतं. हे झालं सरळ प्रकरण. पण वायर तुटलेली नाही, नुसतीच जोडावर कुरकुरतेय, तर? समजा हवा आहे ६० डिग्री, सेन्सर दाखवतोय अडीच हजार आणि खराब जोडाने त्यात आणखी दोन हजार घातले. बोर्डला दिसले साडेचार हजार, म्हणजे त्याच्या हिशेबाने हवा फक्त ४४ डिग्री. ते हीटर चालूच ठेवणार. कपडे कडकडीत तापणार. टी-शर्टचं प्रिंट चिकटणार...

म्हणजे कोड यायच्या दोन आठवडे आधीच मशीन सांगत होतं की त्याला थंडी वाजतेय!

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, सगळं आयुष्य केबलचे जोड शोधण्यात गेलेलं. त्यांना एस्टिमेट दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"अगं, यात तर कोणी काही मोजलेलंच नाही. तुझ्याकडे मीटर आहे?"

"नाही, काका."

"मग रविवारी माझा घेऊन येतो. तोपर्यंत त्या मशीनचा प्लग काढून ठेव. नुसतं बटण बंद नको हं, प्लग."

रविवारी काका मीटर, चिमटा आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन हजर. सगळ्यात आधी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, मागचा पाइप काढला आणि झटकला. मग लिंटची जाळी. लिंट म्हणजे कपड्यांतून निघणारा तो मऊ करडा कापूस. ही जाळी मी प्रत्येक वेळी साफ करते, हे अभिमानाने सांगून टाकलं. काका म्हणाले, "जाळीतून निसटतं ते कुठे जातं, ते बघू." मागचा पत्रा उघडला. पंख्याच्या नळीपाशी सेन्सर गोधडी पांघरून बसलेला! अंगभर लिंटचा थर. असा सेन्सर हवेचं तापमान उशिरा ओळखतो, म्हणजे नाटकांचा थोडा भाग या गोधडीचाही होता. ब्रशने झाडलं.

पत्र्याच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला होता. त्यावर सेन्सरपुढे छापलेलं: १० किलोओहम, २५ डिग्री. आम्हाला हवा तो आकडा मिळाला.

सेन्सरचा कनेक्टर काढून मीटरच्या दोन काड्या त्याच्या दोन पायांना लावल्या. आठ पूर्णांक दोन. खोलीत होतं २९-३० डिग्री, म्हणजे बरोबर. काकांनी सेन्सर मला चिमटीत धरायला सांगितला. आकडा हळूहळू उतरत सहा पूर्णांक नऊवर आला. मग माझा हेअर ड्रायर लांबून धरला, तर तीनच्या खाली, आणि तोही सरळ उतरला, मध्ये कुठे उडी नाही, अडखळणं नाही. सेन्सर पास. फर्स्ट क्लासमध्ये!

"म्हणजे बोर्डच गेलं का हो, काका?" माझा चेहरा पडला. साडेआठ हजार डोळ्यांपुढे नाचायला लागले.

"थांब की. इथे आठ दोन आहेत ना? मग बोर्डच्या टोकाला पण आठ दोनच दिसायला हवेत. मध्ये आहेतच काय, दोन वायरी."

कनेक्टर परत जोडला. वरचं झाकण काढून बोर्डमधून त्या दोन वायरींचा प्लग ओढला आणि आता तिथे मीटर लावलं. आठ पूर्णांक चार. मला काय, ठीकच वाटलं. काकांनी एका हाताने सेन्सरपाशी वायर नुसती हलवली. अकरा. चौदा. पुन्हा साडेआठ. मग मीटरवर नुसता 'एक', म्हणजे मोजण्यापलीकडे. उणे चाळीस डिग्री!

सेन्सरजवळचा कनेक्टर उजेडात धरून बघितला. दोन पिनांपैकी एकीवर हिरवट थर. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यावर यायचा ना, तस्साच. आमचा ड्रायर बाल्कनीत आहे, समोर खाडी. खारी हवा, पावसाळी दमट, त्यात मशीनची रोजची थरथर. पिनेने तरी किती दिवस धरून ठेवायचं?

काकांनी कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारला, पण पिनेची पकडही सैल झाली होती. मग सोमवारी ऑफिसमधून येताना लॅमिंग्टन रोडला उतरून तशाच दोन पिनांचा नवा कनेक्टर घेतला. वीस रुपये. वायरीसकट. स्वतःचा मल्टिमीटरही घेतला, साडेतीनशेचा. काकांनी जोड पक्का केला, वायर हलू नये म्हणून बांधून टाकली, आणि मी दोन्ही टोकांना पुन्हा मोजलं. कितीही हलवा, दोन्हीकडे तोच आकडा. ओले टॉवेल टाकून पूर्ण सायकल चालवली. कोड गायब.

या सगळ्यात मला जाम आवडलेली गोष्ट काकांनी चहा पिताना सांगितली. म्हणाले, "तू त्या मुलाकडून सेन्सर बदलून घेतला असतास ना, तरी मशीन चालू झालं असतं." म्हटलं, ते कसं? तर सेन्सर बदलायचा म्हणजे कनेक्टर ओढायचा आणि परत दाबून बसवायचा. त्या ओढाताणीत पिनेवरचा थर खरवडला जातो. जोड पुन्हा लागतो. सेन्सर बदलणारा खूश, मॅडम खूश. दीड-दोन महिन्यांनी थर परत चढतो, कोड परत येतो आणि तेव्हा उत्तर तयारच असतं, "बघा, मी म्हटलं नव्हतं, बोर्ड गेलंय!" बोर्ड बदलताना तर सगळेच प्लग काढून घालावे लागतात. म्हणजे आणखी काही महिन्यांची निश्चिंती. दहा हजार रुपयांना कनेक्टर दोनदा हलवून मिळाला असता मला. आणि कोणीही खोटं बोललेलं नसतं!

म्हणून सर्व्हिसवाला आला की एवढंच विचारा, "सेन्सरचा रेझिस्टन्स किती आला? आणि बोर्डच्या टोकाला किती?" हे दोन आकडे एस्टिमेटवर लिहून मागा. बदललेला जुना पार्ट परत मागा, तो तुमचा आहे. दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. आणि फारच ताणलं गेलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. मशीन वॉरंटीत असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका, त्यांचं त्यांना करू दे. आणि ज्यांना मीटर धरायची सवय नाही त्यांनी पत्रा उघडायला आपल्या इमारतीतले काका शोधावेत. प्लग काढलेला असताना मोजायचं ते फक्त रेझिस्टन्स. चालू मशीनमध्ये आत २३० व्होल्ट असतात आणि तिथे 'करून बघते'ला जागा नाही.

कपडे अर्धवट ओले निघतायत पण कोड नाही, अशी तक्रार असेल तर ते प्रकरण वेगळं. ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या दिसतात, त्या कपड्यांचा ओलावा ओळखतात. त्यांच्यावर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता थोडं सीरियस. हे सगळं मी ऑफिसात लंचला रंगवून सांगत होते, तेव्हा आमच्या अकाउंट्समधली एक मैत्रीण म्हणाली, "माझाही ड्रायर मध्येच थंड पडला होता गं. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने दोनशे रुपयांत चालू करून दिला. चार महिने मस्त चाललाय."

"काय केलं त्याने?"

"काही नाही, म्हणाला मागे एक फ्यूजसारखा पार्ट होता तो काढून डायरेक्ट केलंय."

माझा घास हातातच राहिला. तो पार्ट म्हणजे थर्मल कटऑफ. सेन्सर हा मशीनचा शहाणपणा, तर कटऑफ हा शेवटचा वॉचमन. सेन्सर फसला, बोर्ड फसलं, तरी हवा एका मर्यादेपलीकडे तापली की तो हीटरची वीज तोडतो. बऱ्याच मशीनमध्ये तो एकदा उडाला की उडाला, परत जोडला जात नाही. आणि तो उगाच उडत नाही. हवा कुठेतरी अडलेली असते, किंवा सेन्सर खोटं सांगत असतो. त्याला 'डायरेक्ट' करणं म्हणजे वॉचमन ओरडतोय म्हणून वॉचमनलाच काढून टाकणं!

आतल्या लिंटइतकं पटकन पेट घेणारं घरात दुसरं फारसं काही नसतं. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका टॉवरला आग लागली ती सदोष ड्रायरमुळे. त्या प्रकारच्या मशीनमध्ये लिंट हीटरपर्यंत पोचू शकतो, हा दोष आधीच माहीत झालेला होता. अमेरिकेच्या फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा तिथे घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या आणि त्यातलं पहिल्या नंबरचं कारण होतं साफसफाई न करणं. आपल्याकडे ड्रायर अजून थोड्याच घरांत आहेत. पण त्या थोड्या घरांतही ते कुठे असतात? बंद केलेल्या बाल्कनीत. बाजूला झाडू, रद्दी आणि गॅसचं जादा सिलिंडर.

मैत्रिणीला म्हटलं, आत्ता घरी फोन कर आणि आईंना सांग, मशीनचा प्लग काढा. ती म्हणाली, "अगं, संध्याकाळी जाऊन बघते ना." म्हटलं, नाही, आत्ता. आई रोज दुपारी बाळाचे लंगोट टाकून झोपतात, हे तिनेच मला सांगितलं होतं. तिने फोन केला. दीड वाजता. मशीन चालूच होतं. आईंनी प्लग काढला आणि म्हणाल्या, "प्लग केवढा गरम लागतोय गं!"

शनिवारी काका आणि मी तिच्याकडे गेलो. खिडकीबाहेरच्या पाइपच्या तोंडाला कबुतरांपासून वाचवायला बारीक जाळी ठोकलेली होती, आणि त्या जाळीवर आतून लिंटचा घट्ट बूच. हवा जायला वाटच नव्हती. पाइपमधून निघालेला कापूस दोन कॅरी बॅग भरून झाला. प्लगचे पाय काळे पडलेले, सॉकेटही बदलायला लागलं. थर्मल कटऑफ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मागवला, तो यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस लंगोट दोरीवरच वाळले, पंख्याखाली.